पाहुण्याचं शतक

माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं क्रिकेट ही माझी सवत आहे. कसोटी सामना चालू असताना आमच्या ह्यांना घराला आग लागल्याचं सांगितलं तरी ते षटक संपायची वाट बघतील. त्यामुळं क्रिकेटसाठी मी स्वतः कोल्हापूरहून उठून धुळे जिल्ह्यात गेले, आणि तेही एका इंग्रज माणसाला बरोबर घेऊन, असं सांगितलं की नात्यातल्या बायका आधी माझ्या कपाळाला हात लावून बघतात. ताप नव्हता. गेले होते हे खरं आहे आणि मजा आली हे त्याहून खरं आहे.

त्याचं मूळ माझ्या लेकीच्या परसदारी आहे. ती इंग्लंडात राहते. गेल्या वर्षी सहा महिने मी तिच्याकडं होते. तिच्या आणि शेजारच्या बागेमध्ये कमरेएवढं कुंपण, आणि कुंपणापलीकडं चौसष्ट वर्षांचा एकटा राहणारा कॉलिन. इंग्रजीत अहो-जाहो नाही म्हणून मीही त्याला इथं अरे-तुरेच करणार आहे. हा कॉलिन सतरा मोसम काउंटीकडून क्रिकेट खेळला. कुठल्या काउंटीकडून ते लिहू नकोस, त्यांनाही विसरायला आवडेल, असं त्यानंच मला बजावलंय.

तो अष्टपैलू होता. अष्टपैलू म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ज्याला एकाच दिवसात दोनदा नापास होता येतं तो." सातव्या क्रमांकाला फलंदाजी. मुख्य गोलंदाज दमले की चेंडू याच्या हातात. आमच्या शाळेत बदली शिक्षक असायचा तसाच प्रकार. मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं असल्यानं मला बदली शिक्षकांबद्दल फार माया आहे. त्यांच्यावाचून शाळा चालत नाही आणि स्नेहसंमेलनात त्यांचं नाव कुणी घेत नाही. हिवाळ्यात तो घरोघर पत्रं वाटायचा, उन्हाळ्यात खेळायचा, आणि पाऊस आला की पॅव्हेलियनमध्ये बसून शब्दकोडी सोडवायचा. एकदा इंग्लंडच्या संघासाठी त्याला बोलावणं आलं. आदल्या दिवशी पाव कापताना त्यानं अंगठा कापून घेतला. पावापायी देशाकडून खेळायचा राहिलेला माझ्या ओळखीतला हा एकच माणूस.

कुंपणावर कोपर टेकून हे सगळं तो हसत हसत सांगायचा. एकदा मी विचारलं, "शतकं किती केलीस?" माझ्या घरात एवढं तर कानावर पडतंच.

"काउंटीत एकही नाही. जास्तीत जास्त चौऱ्याण्णव. शंभर आयुष्यात एकदाच. तुमच्या देशात, धुळ्याजवळ, चिंचोदे नावाच्या गावात." हे नाव त्यानं असं उच्चारलं की मला आधी तो आजार वाटला.

झालं होतं असं की, तेविसाव्या वर्षी धुळ्यातल्या एका क्लबानं त्याला हिवाळ्यापुरतं शिकवायला बोलावलं होतं. एका रविवारी क्लबाचा संघ चिंचोद्याला सामना खेळायला गेला आणि तिथं यानं शतक ठोकलं. "ते मैदान एकदा बघायचं आहे," तो म्हणाला. "पण भाषा समजणारं कुणीतरी बरोबर हवं." हे मी फोनवर आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांच्या कमरेला पट्टा, प्रवास बंद, नाहीतर ते धावतच निघाले असते. "तू जा," ते म्हणाले, "आणि काय होतंय ते नीट बघून ये." सवतीच्या माहेरी मला त्यांनीच धाडलं.

चाळीसगाव, म्हणजे खरं तर जळगाव

यंदाच्या थंडीत कॉलिन कोल्हापूरला आला आणि आम्ही रात्रीच्या रेल्वेनं निघालो. धुळ्यासाठी आम्हाला उतरायचं होतं चाळीसगावला. पहाटे गजर लावण्याची जबाबदारी कॉलिननं घेतली होती. गजर त्यानं फोनवर लावलाही होता, पण इंग्लंडच्या वेळेनं. डोळे उघडले तेव्हा बाहेर लख्ख ऊन आणि फलाटावर पाटी जळगावची. "चुकलेल्या गाडीनंच गाव चांगलं दिसतं," असं माझी आई म्हणायची. आई कधी मिरजेच्या पुढं गेली नव्हती ही गोष्ट वेगळी.

मग एक दिवस जळगावात काढला. रिक्षावाल्यानं कॉलिनला बघून विचारलं, "सोनं घ्यायला आलेत का?" इथं परगावचा माणूस सोन्यासाठीच येतो अशी समजूत असावी. बाजारात दुकानांच्या काचांमागचं सोनं बघून मी उगाच गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून बघितला, ते फार बारीक वाटू लागलं. कॉलिनला मात्र सोन्यापेक्षा हातगाडीवरच्या केळ्यांचं नवल. त्याच्याकडं केळी एकेक विकतात. इथं त्यानं "चार" म्हटल्यावर गाडीवाल्या भाऊंनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि अख्खी फणी हातात दिली.

दुपारी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी. कोल्हापुरात आम्हीही भरीत करतो, पण गॅसवर वांगं भाजून जे होतं त्याला भरीत म्हणायचं की नाही हे मी इथं खाल्ल्यापासून ठरवू शकले नाहीये. इथं वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. पांढुरकं-हिरवं, कांद्याच्या पातीचं, धुराच्या वासाचं. आणि तिखट! कोल्हापूरकराला तिखट सांगू नये म्हणतात, म्हणून मी गप्प राहून खाल्लं आणि डोळ्यातलं पाणी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं टिपलं. कॉलिननं बिनदिक्कत अर्धी फणी केळी त्याच जागी संपवली.

चिंचोदे, पहिला दिवस

धुळ्याहून गाडी केली. दोन्ही बाजूंना दादर ज्वारीची ताटं, हरभरा, मध्येच कपाशीची शेवटची वेचणी. कॉलिन खिडकीला नाक लावून बसला होता. गाव जवळ आलं तसा तो अंगठ्यावरची जुनी खूण चोळू लागला. मला वाटलं, आयुष्यातलं एकुलतं एक शतक भेटायला चाललाय, माणूस हळवा होणारच.

आम्ही येणार हे धुळ्यातल्या क्लबाच्या मंडळींनी कळवलं होतं. पांझरा नदीच्या काठावर गाव. मातीच्या सपाट छताच्या एका धाब्याच्या घरापुढं पन्नास-साठ माणसं जमलेली. पुढं होते भिका नाना, सत्तरीचे, गोल चेहऱ्याचे. त्यांनी तिकडच्या बोलीत स्वागत करत कॉलिनला मिठीच मारली.

"या कोलीनभाऊ, या! बठा, बठा. चाळीस वरीस व्हयनात!"

त्यांच्या मागं खांबाला टेकून त्यांचे धाकटे भाऊ उभे होते. देवराम आबा. सहासष्ट वर्षांचे, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी कॉलिनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "म्हातारा व्हयी गया."

"काय म्हणाले?" कॉलिननं विचारलं.

"तब्येत छान ठेवलीय म्हणाले," मी सांगितलं. दुभाष्यानं थोडं आपल्या पदरचं घालायचं असतं, अशी माझी तोवरची समजूत होती.

मला घरात नेलं. आबांची बायको, गावाची अक्का, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी करत होती. पाहुण्यासाठी खापरावरचे मांडे. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घातलेलं, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर नाचवत नाचवत एवढा मोठा करायचा की कोपरापर्यंत हात झाकले जातात. आज नुसती खापर तापतंय का याची चाचणी होती. मी म्हटलं, मीही करून बघते. माझा मांडा मनगटापर्यंत आला, मग त्याला भोक पडलं, मग त्या भोकातून माझं बोट बाहेर आलं, आणि सगळं पुरण चुलीत. अक्का पोट धरून हसल्या. हसता हसता बसल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, "मना पहिला मांडाबी असाच फाटना व्हता ताई. हाऊ साहेब उना तवय. मी नवी नवरी व्हती."

"म्हणजे त्यांनी शतक केलं त्या दिवशी?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. "तुम्हले खरं सांगू का? ते शंभर आम्हीनच दिधं."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं. त्या सकाळी सामन्याआधी चहाला सगळे याच ओट्यावर बसले होते. अक्कांचे सासरे, गावचे पोलीस पाटील, यांनी शाळामास्तरांकरवी पाहुण्याला विचारलं, आजवर शंभर किती वेळा केलंत? पोरगेला साहेब लाजून म्हणाला, एकदाही नाही. सासऱ्यांना ते फार लागलं. एवढ्या लांबून आलेला माणूस, आपल्या गावचं पाणी प्यायला, आणि तसाच परत जाणार? आपल्याकडं पाहुण्याची पाठवणी टोपी-टॉवेलानं होते, पण ती तर सगळेच करतात.

"सासरा म्हने, टोपी-टॉवेल तं बठ्ठा देतस. पाव्हना रिकामा हाते जावाले नको. आपण याले शंभर देऊत."

आणि दिलं! साहेब विरुद्ध संघात होता याचं कुणाला काही वाटलं नाही. पाटलांचा शब्द म्हणजे शब्द. पायचीत मागायचं नाही, यष्टिरक्षकानं चेंडू हातात आला तरी यष्ट्या उडवायच्या नाहीत, आणि झेल सोडायचे. नानांनीच तीन सोडले. अख्ख्या संघात एकच माणूस ऐकेना. गोलंदाज, पाटलांचा धाकटा मुलगा, म्हणजे आबा. तो जीव तोडून टाकत होता. त्याच्याच गोलंदाजीवर नानांकडं सोपा झेल गेला, नानांनी तो धरला, आणि मग वडिलांची आठवण होऊन खाली ठेवला. सामना संपल्यावर गावजेवण होतं. आबा पंगतीला बसले नाहीत. शेतात जाऊन दिवस मावळेपर्यंत हिरवा हरभरा खात बसले.

"मना हातना पहिला मांडा," अक्का म्हणाल्या, "बठ्ठा गाव जेवना, आन नवरा जेवना नही." त्या हे हसत हसतच सांगत होत्या, पण चाळीस वर्षांत ते पार जिरलेलं नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. सतरा मोसम आणि चौऱ्याण्णव. ज्याच्या पदरात आयुष्यभरात एकच शतक, तो ते बघायला सात समुद्र ओलांडून आलाय, आणि ते शतक म्हणजे टोपी-टॉवेल! हे त्याला कळलं तर? आणि कळवणारं तोंड कुणाचं, तर माझं. मी तिथंच ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा माणूस आपलं शतक घेऊनच घरी जाईल.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली आणि माझी परीक्षा सुरू झाली. नाना रंगात आले. त्यांनी उभं राहून सगळा सामना करून दाखवला. कोण कुठं उभं होतं, चेंडू कसा उडाला, आपण कसा धरला, वडिलांकडं कसं बघितलं, आणि कसा हळूच... इथं त्यांनी दोन्ही हातांनी नसलेला चेंडू जमिनीवर ठेवला. पाच मिनिटं चाललं हे. सगळे हसत होते. कॉलिननं माझ्याकडं बघितलं.

"तू फार सुंदर खेळलास असं म्हणतायत," मी सांगितलं.

"त्याला एवढे हातवारे लागले?"

"इकडं तशी पद्धत आहे."

नाना पुढं म्हणाले की, शंभर झालं तरी या माणसानं बॅट वर केली नाही, नुसती मान खाली घातली, केवढा साधा माणूस. हे मात्र मी मोठ्या आनंदानं अक्षरशः सांगितलं. कॉलिननं पुन्हा मान खाली घातली.

इतका वेळ कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आबा अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "ताई, त्याले सांगा. उद्या सहा बॉल. मी टाकसू. पण खरं खेळाले पाहिजे."

"अरे, पाव्हना शे तो!" नाना ओरडले.

"तवयबी पाव्हनाच व्हता," आबा म्हणाले. "मनी विकेट बाकी शे."

मी कॉलिनला सांगितलं, उद्या सकाळी सगळे मिळून जरा गंमत म्हणून खेळू या असं म्हणतायत. रात्री आमच्या ह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, तर नानांचा झेल त्यांनी दोनदा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, "त्या आबांचा पत्ता लिहून आण." माझं काय होणार याची त्यांना काळजी नव्हती.

चिंचोदे, दुसरा दिवस

सकाळी कॉलिनला फिरायला जायचं होतं म्हणून आम्ही नदीकडं गेलो. पांझरेत पाणी घोट्याएवढं, थंडी गुलाबी. पलीकडं सपाट माळ दिसला, कडेला बाभळी. कॉलिन थांबला. "हेच ते," म्हणाला. "त्या बाभळीच्या बाजूला नाना उभा होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं बघितलं, आणि मग झोपलेलं मूल ठेवावं तसा चेंडू खाली ठेवला."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. "म्हणजे तुला..."

"मला भाषा येत नव्हती गं, डोळे होते ना. चाळीसवर असताना कळलं. बॅट कशी वर करणार? ती धावसंख्या माझी नव्हतीच."

मी तिथल्याच दगडावर बसले. "मग एवढ्या लांब काय बघायला आलास?"

तो पाण्यात खडे टाकत होता. "त्यानंतर सतरा मोसम खेळलो. पंच्याण्णवावी धाव कुणी करू दिली नाही. त्यांचं बरोबरच होतं, तो त्यांचा धंदा आणि माझाही. पण कुणी माझ्यासाठी झेल खाली ठेवावा, एवढी माया मला पुन्हा कुठल्या मैदानावर भेटली नाही. वाईट दिवस आले की मी घरी बसून तो झेल आठवायचो." मग म्हणाला, "आणि त्या दिवशी एक माणूस होता ज्यानं मला काहीच दिलं नाही. त्याला खेळताना मला घाम फुटला. त्याच्या चेंडूंवर तीसेक धावा केल्या असतील. तेवढ्या माझ्या, बाकीच्या गावाच्या. जेवायला तो दिसला नाही. चाळीस वर्षं मला वाटतंय, तो माझ्यावर रागावला."

"तुझ्यावर नाही, बापावर," मी म्हटलं आणि मग सगळंच सांगून टाकलं. कालचं भाषांतरही. तो इतका मोठ्यानं हसला की पाण्यातला बगळा उडाला. "तब्येत छान ठेवलीय!" म्हणत तो पुन्हा पुन्हा हसत होता. शेवटी डोळे पुसून, माझ्या नावाची नेहमीसारखी वाट लावत, म्हणाला, "व्हॅसंती, आज मला बाद व्हायचंय. पण त्यानं केलं तर. आज भाषांतर जसंच्या तसं कर."

दहा वाजता माळावर अख्खं गाव. बाया छतांवर, म्हातारे बाभळीखाली, शाळेला सुट्टी दिल्यासारखीच. सध्याचे शाळामास्तर पंच. आबा अनवाणी, पायजमा वर खोचलेला. त्यांनी चेंडू हातात घेतला आणि क्षेत्ररक्षण लावलं, तेव्हा नानांना पुन्हा त्याच जागी उभं केलं. नाना म्हणाले, गुडघे दुखतात, दुसऱ्या कुणाला ठेव. आबा म्हणाले, "तूच."

मी फोन उंच धरून उभी, पलीकडं पडद्यावर आमचे हे कमरेचा पट्टा लावून बसलेले.

पहिला चेंडू बाहेरून गेला. आबांचा हात अजून तापायचा होता. दुसरा कॉलिननं असा सुरेख मारला की तो बाभळीत जाऊन काट्यांत बसला. छतांवरून टाळ्या. फोनमधून आमचे हे ओरडले, "बघ, बघ, पाय कसा पुढं गेला!" मला पाय दिसला नव्हता, पण फोन मी आणखी उंच धरला हे खरं. तिसरा चेंडू पडला आणि वळला, बॅट आणि यष्टी यांच्यामधून गेला. आबांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. कॉलिननं मान हलवली, वा, असं म्हणाल्यासारखी.

चौथा. कॉलिननं उचलून मारला आणि चेंडू उंच, उंच, सरळ नानांकडं. सगळं गाव माना वर करून. नानांनी हात वर केले. चेंडू हातात आला, तिथून छातीवर, छातीवरून पोटावर, धोतराच्या निऱ्यांत घटकाभर बसला, आणि खाली.

"खरंच सुटी गया!" नाना केविलवाणे ओरडले. "देवनी आन, खरंच सुटी गया!"

कुणीही विश्वास ठेवला नाही. कोण ठेवणार? आबांनी टोपी जमिनीवर आपटली. "परत तेच करं ना शेवटी तू!" त्यांचा आवाज चिरकला आणि मला त्यांच्या जागी पंचविशीतला, बापापुढं काही बोलू न शकलेला माणूस दिसला. वाईट वाटलं हो मला. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

तेवढ्यात कॉलिननं बॅट काखेत मारली आणि तो चालू लागला. झेल सुटला तरी आपण बाद, असा त्याचा हिशेब. आपल्याला मिळालेलं तो परत करत होता. मला तर ते फार छान वाटलं. पण आबा धावत गेले आणि त्याच्या वाटेत उभे राहिले.

"कोठे चालना? तू आउट नही. दिधेल विकेट माले नको."

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितलं. दिलेली विकेट मला नको.

कॉलिन थांबला. "त्याला सांग," तो म्हणाला, "दिलेलं शतक मलाही नको होतं."

मी सांगितलं. बाभळीखालचे म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. आबांनी कॉलिनकडं बघितलं. म्हणजे याला माहीत होतं, तेव्हापासून माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदा ते हसले. पुढचे तीन दात नव्हते.

"मंग नीट उभा ऱ्हाय," ते म्हणाले.

पाचवा चेंडू कॉलिननं डोकं खाली घालून नुसता अडवला. सगळी काउंटी आठवून अडवला असावा. सहाव्यासाठी आबा चार पावलं मागं गेले, मग अजून दोन. बाभळीखालचे म्हातारे उठून उभे राहिले. एक बाई छतावरून ओरडली, "आबा, पाव्हना शे!" आणि दुसरी तिला म्हणाली, "तू गप ऱ्हाय!" चेंडू हवेत थांबल्यासारखा वाटला, पडला, आणि जो काही वळला तो मलासुद्धा दिसला. कॉलिनचा पाय पुढं, बॅट सरळ, सगळं पुस्तकात असतं तसं, आणि मधली यष्टी मागं पडलेली.

काय गलका झाला म्हणून सांगू! नाना धोतर सावरत धावले आणि भावाच्या गळ्यात पडले. "आते तरी माफ कर," म्हणत होते. मी नाचले. एकसष्टाव्या वर्षी, फोन हातात घेऊन, सवतीच्या अंगणात नाचले. आमच्या ह्यांना पडद्यावर नुसतं आभाळ दिसत होतं.

आणि कॉलिन? तो पडलेल्या यष्टीकडं थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं बॅट वर केली. नदीकडं, बाभळींकडं, छतांकडं, मग आबांकडं. चारी दिशांना, शतकवीर करतो तशी. चाळीस वर्षं खाली राहिलेली बॅट त्यानं बाद झाल्यावर वर केली. मी चष्मा काढून डोळे पुसले, आणि या वेळी निमित्त शोधलं नाही.

आबा घाम पुसत त्याच्यापाशी आले. दोघांनी हात मिळवले नाहीत की काही नाही. आबांनी त्याच्या हातातली बॅट स्वतः घेतली, खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "आते चाल. जेवाले."

पंगत ओट्यावर बसली. आबा आणि कॉलिन शेजारी शेजारी. अक्का मांडे घेऊन आल्या. कोपराएवढे, रुमालासारखे घडी घातलेले, वर तुपाची धार, बाजूला वाटीत लालभडक रशी. कॉलिननं आबांकडं बघून तसाच मांडा मोडला, तसाच बुडवला, आणि तिखटानं कानापर्यंत लाल होऊनही मागं हटला नाही. अक्का वाढायचं सोडून नवऱ्याच्या ताटाकडं बघत उभ्या होत्या. आबांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला.

"रशी जराशी खारी व्हयनी," ते म्हणाले.

"त्या दिनले जेवाले बसता तं बरोबर व्हती," अक्का म्हणाल्या.

पंगतीत हसण्याचा स्फोट झाला. कॉलिननं माझ्याकडं वळून विचारलं, काय म्हणाल्या? मी शब्दाला शब्द सांगितलं. आबा खाली मान घालून खात होते. मग त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि अक्कांकडं दुसरा मांडा मागितला.